करडा सूट, पायापर्यंत

करड्या सुटावर पांढरे मोजे घालू नयेत, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. कुणी शिकवलं नाही, बसून बसून कळलं. शिरूरच्या बाजूला एका कंपनीत मी रिसेप्शनला आहे. पाहुणे येतात, समोरच्या सोफ्यावर बसतात, बसले की पॅन्ट वर सरकते आणि मोजे दिसतात. परदेशातून येणारे साहेब बहुतेक करड्या सुटात असतात. त्यांचे मोजे पॅन्टच्या रंगाचे, बूट काळे, पट्टाही काळा. कोटाचं खालचं बटण उघडं. टायचं टोक बरोबर पट्ट्याच्या बकलापाशी. कोटाच्या बाहीतून शर्टाची बाही जराशी बाहेर. आमचे इथले साहेब तसाच सूट शिवून आणतात आणि खिशात दोन मोबाइल, चष्मा, गाडीची किल्ली कोंबून त्याचं पार गाठोडं करतात. मी मनातल्या मनात त्यांना नापास करते. स्वभावच तसा आहे माझा. दुसऱ्याचं वाकडं लगेच दिसतं आणि दिसलं की गप्प बसवत नाही. सासरी त्यावरून पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत.

धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा एका दुपारी वडगाव रासाईहून वडिलांचा फोन आला. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. इकडची तिकडची चौकशी झाली आणि मग म्हणाले, "पोरी, सूट शिवायचा म्हंजी काय काय लागतं गं?"

नवरदेवाचे कपडे दौंडचे पाहुणे, म्हणजे मुलीकडचे घेणार होते. मी म्हणाले, "त्याचं ते बघतील की. तुम्ही कशाला डोकं लावता?"

फोन कट झाला असं वाटून मी हॅलो हॅलो करायला लागले, तेव्हा आप्पा हळूच म्हणाले, "त्याचा न्हाई. माजा."

मी आधी हसले. हसायला नको होतं, पण आलं. कारण मला कळायला लागल्यापासून आप्पा पांढरा पायजमा, पांढरा नेहरू शर्ट आणि टोपी यांतच पाहिलेले. भीमेच्या काठाला आमची शेती. शेवंती, झेंडू, कांदा, कडेला थोडा ऊस. फुलं तोडायची तरी पांढरा शर्ट, बाजारला जायचं तरी पांढरा शर्ट, फक्त बाजारचा जरा नवा. असा माणूस सूट मागतो म्हटल्यावर कुणीही हसलं असतं.

पण त्यामागं काय आहे ते मला माहीत होतं. आमच्या घरात पुढच्या खोलीत, कॅलेंडरच्या वर, आप्पांचा तरुणपणीचा एक फोटो आहे. काळा-पांढरा, केसांना तेल लावून भांग पाडलेला, अंगात कोट आणि टाय. तो लग्नाआधी स्थळांना दाखवायला काढलेला. तेव्हा घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्या, फोटो स्टुडिओत भिंतीला खिळा असायचा आणि खिळ्याला एक कोट आणि गाठ मारून ठेवलेला एक टाय. जो येईल त्याच्या अंगावर तो चढवायचे, फोटो काढायचे आणि पुन्हा खिळ्याला अडकवायचे. तालुक्यातल्या कितीतरी नवरदेवांनी तो एकच कोट घातला असेल. स्टुडिओत कोट होता, पॅन्ट नव्हती. त्यामुळं सगळ्यांचे फोटो कमरेपर्यंत. आप्पांच्या कमरेखाली तेव्हाही पायजमाच होता.

आई हा किस्सा आल्यागेल्याला सांगायची. चहाचा कप हातात देऊन भिंतीकडं बोट करायची आणि सुरू व्हायची. "मी मामाकडं व्हते. मला निस्ता फोटू दावला. म्हणलं, सायब हाय, करा पसंत. आन् हळदीच्या दिवशी बघते तर काय, खाली पायजमा! मला कोटवाला नवरा निम्माच गावला." बोलायची ती मोकळ्या गळ्यानं, शेजारच्या वस्तीवर ऐकू जाईल असं. लोक हसून हसून बेजार व्हायचे. आप्पाही हसायचे. दर वेळी हसायचे. आणि हसून झालं की टोपी काढून उगाच डोकं खाजवायचे.

त्या दिवशी फोनवर त्यांनी सांगितलं, "लग्नात फोटूवाला येणारच हाय. मला एक उभा फोटू काढायचाय. पायापतोर. तुझ्या आईला दावलेल्या त्या फोटूच्या शेजारी लावायचा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला काय सांगू नको आत्ता."

शिरूरच्या दुकानात कापड घ्यायला मी, आप्पा आणि धाकटे चुलते असे तिघं गेलो. चुलत्यांना कशाला आणलं देव जाणे. दुकानदारानं तागा उलगडायच्या आधीच ते म्हणाले, "काळा घ्या. काळा उठून दिसतो." मी म्हणाले, काळा नको, कार्यालयात वाढपी काळं जाकीट घालून फिरतात, आप्पांकडं कुणीतरी पाणी मागेल. मग त्यांनी मरून काढला. तो बँडवाल्यांचा रंग. निळा बघितला, तो बरा होता, पण आप्पांच्या उन्हानं रापलेल्या चेहऱ्याजवळ धरला की चेहरा आणखी काळवंडायचा. शेवटी मी करडा काढायला लावला. फार फिका नाही, फार गडद नाही. चुलत्यांनी नाक मुरडलं. "लग्नाला राखंचा रंग?" आप्पांनी मात्र कापड दोन बोटांत धरून चोळलं, कांद्याची पात बघावी तसं. म्हणाले, "ह्यो मळला तरी दिसायचा न्हाई. हाच घ्या." त्यांच्या हिशेबानं ते बरोबरच होतं.

शिंप्यानं माप घेताना आप्पा छाती फुगवून उभे राहिले. शिंपी म्हणाला, "आप्पा, श्वास सोडा, न्हाईतर कोट ढगळा व्हईल." आप्पांनी सोडला, पण पट्टी छातीला लागली की पुन्हा फुगवला. कामाचं अंग होतं ते. खांदे रुंद, दंड भरलेले. पुढच्या वेळी कच्चा कोट अंगावर चढवला तेव्हा तो खांद्यांवर असा बसला की मी बोलायचीच थांबले. माझ्या बाबतीत हे क्वचित होतं.

मग मी त्यांच्या मागंच लागले. शर्ट पांढराच, पण कडक कॉलरचा. टाय गडद निळा, साधा, त्याच्यावर काही चमकणारं नको. बूट काळे, फीत बांधायचे. मोजे करडे. त्यांच्याकडं आहेरात आलेले पांढरे मोजे होते, तेच घालतो म्हणाले, मी ते उचलून आईच्या चिंध्यांच्या बोचक्यात टाकले. कोटाचे खिसे शिवलेले येतात, ते उसवायचे नाहीत म्हणून बजावलं, कारण उसवले की त्यात तंबाखूची पुडी, फोन आणि सुतळी जाणार हे मला ठाऊक होतं. बाहीवर कापडाच्या कंपनीची पट्टी शिवलेली होती. ती मी कातरीनं कापली तर चुलते ओरडले, "अगं, मग भारी कापड हाय ते लोकांना कळंल कसं?" आमच्याकडं ती पट्टी वर्षानुवर्षं बाहीवर तशीच मिरवतात. मी म्हणाले, कळू दे नाहीतर नको कळू दे. टायची गाठ मी नवऱ्याच्या गळ्यावर शिकले. तो बिचारा रोज जेवण झालं की मान पुढं करून बसायचा.

अडलं ते टोपीवर. मी म्हणाले, सुटावर टोपी नाही. आप्पा म्हणाले, चारचौघांत बोडक्या डोक्यानं कसं बसायचं? त्यांच्या कपाळावर टोपीची रेघ आहे, खाली तांबूस-काळं आणि वर एकदम गोरं. टोपी काढली की ते गोरं कपाळ उघडं पडल्यासारखं दिसतं. शेवटी तोडगा निघाला की कार्यालयाच्या दारात फेटा बांधणारच आहेत, तोवर टोपी घालायची. आणि फोटो? तो फेट्यावरच काढायचा. सुटावर फेटा चालतो, रुबाबदार दिसतो. एवढं मी मान्य केलं.

लग्न भर वैशाखात, दौंडला. सकाळी घरात नुसती धावपळ. मी आप्पांना मागच्या खोलीत नेऊन तयार केलं. टाय बांधला, कोट चढवला, वरचं बटण लावलं, खालचं उघडं ठेवलं. घरात आरसा म्हणजे दाढीचा, हाताएवढा. त्यात त्यांना कधी गळा दिसायचा, कधी छाती. अख्खं अंग एकदम दिसतच नव्हतं. तेवढ्यात आई काहीतरी शोधत आत आली आणि दारातच थांबली. हातात तांदळाचं ताट. तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं, पदर नीट केला आणि "गाडी आलीय, आवरा," एवढंच म्हणून निघून गेली. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, हिला काहीच कसं बोलावंसं वाटलं नाही?

मी फोनवर एक फोटो काढला. आप्पांनी तो बघितला. पायात अजून रबरी स्लीपर होत्या, कारण बूट घालून ते देवापुढं जायला तयार नव्हते आणि बूट पिशवीत घालून गाडीत ठेवले होते. "ह्यो खोड," म्हणाले. "नीट स्टुडिओवाल्याकडनं काढू. फोनातला फोटू फोनातच ऱ्हातो." मी खोडला. उभा, पायापर्यंतचा, भरल्या अंगाचा तो एकच फोटो होता. स्लीपरसकट.

कार्यालयाच्या दारात बूट घातले, फेटा बांधला आणि मी त्यांच्याकडं बघून मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले. माझ्या कंपनीतल्या कुठल्याही साहेबाला दिले नव्हते. मग व्याहीभेट झाली. दौंडच्या व्याह्यांनी हार घातला, गळाभेट घेतली आणि खांद्यावर शाल टाकली. आणि त्या शालीनं सगळा घोटाळा केला.

आमच्याकडं लग्नात माइक असतो आणि माइकवर एक माणूस असतो. तो एकेकाचं नाव पुकारतो, पुकारलेला माणूस स्टेजवर येतो आणि वरबापाचा मान करतो. कुणी शाल आणतं, कुणी उपरणं, कुणी टॉवेल-टोपी. आणलेली वस्तू हातात द्यायची नसते, अंगावर घालायची असते. आणि घातलेली काढायची नसते. दिलेला माणूस समोर जेवायला बसलेला असतो, तो बघत असतो. त्यानं घातलेली शाल आपण उतरवून खुर्चीवर टाकली तर वर्षभर गावात तेवढीच गोष्ट चालते. आप्पांना तर मानपानाचं फार. मामांची शाल, आत्यांच्या घरची शाल, दूध डेअरीच्या लोकांची, शेजारच्या मळ्यातल्यांची. एकावर एक. गळ्यात झेंडूचे हार, तेही आमच्याच फुलांचे. बाहेर ऊन भाजत होतं आणि आप्पा आत सूट, त्यावर हार, त्यावर शाली असे घामाघूम होऊन हसत उभे.

मी मागून हळूच एक शाल ओढली. त्यांनी न बघता ती परत खांद्यावर घेतली. मी फोटोवाल्याला जाऊन सांगितलं, बाबा रे, आप्पांचा एक उभा फोटो काढ. तो म्हणाला, "काढतो ताई, आधी जोडीचं उरकू दे." जोडीचं काही उरकत नव्हतं. त्यांना तो कधी झोपाळ्यावर बसवायचा, कधी धूर सोडायचा, कधी पळायला लावायचा. मध्येच मोकळा झाला तेव्हा आप्पांसमोर उभा राहिला, "आप्पा, शाली काढा," म्हणाला आणि नेमकं माइकवर पुढचं नाव पुकारलं. पुन्हा एक शाल आली. आज अल्बम उघडला तर आप्पांचे ढीगभर फोटो आहेत. एकातही सूट दिसत नाही. कुठं बाहीचं टोक, कुठं टायची गाठ. बाकी सगळी लोकर आणि फुलं.

दुपार कलली, नवरीच्या पाठवणीची तयारी सुरू झाली आणि माणसं पांगली. माइक बंद पडला. तेव्हा आप्पांनी आतल्या खोलीत जाऊन शाली उतरवल्या, कोटही काढला, सतरंजीवर नीट घडी करून ठेवला आणि तोंड धुवायला गेले. मी फोटोवाल्याला अक्षरशः दंडाला धरून आणलं. कार्यालयाच्या दारासमोर सावली आली होती, जागाही चांगली होती. म्हटलं, आता कोट घाला आणि उभे राहा.

आप्पा आणि मी खोलीच्या दाराशी आलो तर माझी लेक कोटावर झोपली होती. दोन वर्षांची होती ती. सकाळपासून उन्हानं किरकिर करत होती, कुणाकडं थांबत नव्हती. नवऱ्यानं तिला तिथं आणून निजवलं असणार, हाताला मऊ लागलं त्यावर. गाल कोटाच्या अस्तरावर, तोंडातून लाळ, एक मूठ कॉलरमध्ये गच्च. मी पुढं झाले. तिला उचलायला कितीसा वेळ लागतो? रडली असती थोडी.

आप्पांनी माझा हात धरला. "झोपू दे," म्हणाले. "आत्ताशिक डोळा लागलाय लेकराचा."

"आप्पा, फोटोवाला चाललाय."

"फोटू कुठं पळून जातोय? सूट घरातच हाय आन् मी बी घरातच हाय."

ते दारात उभे होते, पांढरा शर्ट, निळा टाय, डोक्यावर फेटा. नातीकडं बघत होते. खरं सांगायचं तर त्या वेळी मला ते आवडलं. चिडलेही होते आणि आवडलंही होतं. फोटोवाल्यानं कॅमेरा पिशवीत घातला. पूल ओलांडून आम्ही घरी आलो तेव्हा कोटावर लाळेचा डाग वाळला होता आणि रंगामुळं तो दिसतही नव्हता.

दुसऱ्या दिवशी पूजा, तिसऱ्या दिवशी पाहुणे. मग पाऊस, मग लागवड. सूट आईनं डांबरगोळ्या घालून कपाटात टांगला. मी वडगावला गेले की आठवण करायची. आप्पा म्हणायचे, "काढू की." पण सूट घालायला काही निमित्त लागतं. दुसऱ्याच्या लग्नात सूट घालून गेलं तर वरबापाच्या वरचढ दिसतं, ते बरं नाही. ग्रामपंचायतीत घालून गेलं तर लोक म्हणतील, निवडणुकीला उभं राहायचंय का. नुसता फोटो काढायला सूट घालून मोटारसायकलवर शिरूरला जायचं, हे त्यांना ओशाळवाणं वाटायचं. "नातीच्या बारशाला" म्हणाले होते, म्हणजे भावाच्या मुलीच्या. त्या बारशाला कांद्याची काढणी आली. पुढं म्हणाले दिवाळीला. मला राग यायचा. मी बोलायचे, ते हसायचे आणि टोपी काढून डोकं खाजवायचे. एवढंच व्हायचं.

मागच्या थंडीत त्यांच्या पोटाचं दुखणं निघालं. पुण्याला ऑपरेशन झालं. ते पार पडलं, डॉक्टर म्हणाले धोका टळला, पण अंग उतरत गेलं ते गेलंच. भाकरी एक चतकोर. दंडाची कातडी लोंबायला लागली. खांदे कुठं गेले कळेना. पांढऱ्या नेहरू शर्टात ते फारसं कळत नाही, तो शर्ट कुणालाही ढगळाच असतो. असं म्हणून मी स्वतःला समजावत राहिले.

एका रविवारी मी गेले तेव्हा तेच म्हणाले, "त्यो फोटू काढून टाकू आता."

मी कपाटातून सूट काढला, अंगाला लावून बघितला आणि म्हणाले, शिंप्याकडं देऊन आत घेऊ, दोन दिवसांत देईल. आप्पा एकदम तडकले. आजारपणात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "आत न्हाई घ्यायचा. उद्या अंग भरलं मंग काय करायचं? कापड काय पुन्ना वाढतं व्हय?" अंग भरणार म्हणून सूट कापू देत नव्हते आणि फोटोची घाईही तेच करत होते. दोन्ही एकाच दमात. मी वाद घातला नाही. घालायला हवा होता की नको, हे मला अजून ठरवता येत नाही.

भावानं गाडी काढली. आप्पा, आई आणि मी, शिरूरला त्याच स्टुडिओत गेलो. आता तिथं जुन्या मालकाचा मुलगा बसतो. खिळा नाही, कोट नाही. तो म्हणाला, "ताई, सूट घालून यायची गरजच नव्हती. आम्ही कॉम्प्युटरवर चढवतो. ग्रे पाहिजे, ब्लू पाहिजे, कसला बी." मी त्याला जे बोलायचं ते बोलले. तो बिचारा कॅमेरा पुसायला लागला.

तयार मीच केलं. कॉलर गळ्याभोवती फिरत होती. टाय घट्ट केला तर कॉलरला चुण्या पडायच्या. पट्ट्याला भावानं खिळ्यानं नवी भोकं पाडून दिली होती, तो आवळला की पॅन्टचा सगळा घेर पुढं गोळा व्हायचा. पॅन्टचे पाय बुटांवर साचले होते. स्टुडिओवाल्यानं कोटाच्या पाठीला कपडे वाळत घालायचे चिमटे लावले, तसं पुढून खांद्यांवर बरं दिसायला लागलं. पॅन्टला मात्र काही करता येईना. आप्पांनी टोपी घातली. सुटावर काय घालावं आणि काय घालू नये, हे सांगायला माझी जीभ वळेना.

त्यानं एक उभा फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर आप्पांना दाखवला. आप्पांनी तो बराच वेळ बघितला. फोनातला तो खोडलेला फोटो सोडला तर इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा स्वतःला सुटात पायापर्यंत बघत होते. आई कोपऱ्यात स्टुलावर बसली होती, मांडीवर त्यांची शाल घेऊन. थंडी वाजते म्हणून आणलेली. लग्नातलीच एक.

"पॅन्ट मी कॉम्प्युटरवर फिट करून देतो आप्पा," पोरगा म्हणाला. "जुन्या मापाची. कळणार बी न्हाई."

"नको," आप्पा म्हणाले. "दुसऱ्याचं एकदा घातलंय हितंच. आता नको." मग कॅमेरा त्याच्या हातात देऊन म्हणाले, "कमरंपतोरच घे."

मी म्हणाले, "आप्पा, पायापर्यंत म्हणला होता ना?"

"पाय काय बघायचेत," म्हणाले आणि छाती फुगवून उभे राहिले. शिंप्यापुढं राहिले होते तसेच. पाठीवरचा एक चिमटा निसटून खाली पडला.

आता आमच्या पुढच्या खोलीत कॅलेंडरच्या वर दोन फोटो आहेत. एक काळा-पांढरा, एक रंगीत. दोन्ही कमरेपर्यंत. येणारे म्हणतात, छान आलाय फोटो, आप्पा साहेब दिसतात. त्यांना चिमटे दिसत नाहीत. मी त्या फोटोकडं फारसं बघत नाही. बघितलं की मला कार्यालयातली ती खोली आठवते, सतरंजीवर निजलेली माझी लेक आठवते आणि वाटतं, रडली असती तर रडली असती थोडी.

गेल्या आठवड्यात गावाला गेले होते तेव्हा भावजयीच्या माहेरची माणसं आली होती. चहा झाला. भावजयीनं हौसेनं सासूला म्हटलं, "आई, तो पायजम्याचा किस्सा सांगा की यांना. मला कोटवाला नवरा निम्माच गावला, तो." सगळे हसायच्या तयारीनं आईकडं बघायला लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की स्टुडिओतून आल्यापासून आईनं तो किस्सा एकदाही सांगितला नव्हता.

आईनं कपबश्या गोळा केल्या. "निम्मा कशानं?" म्हणाली. "पुरा सूट व्हता त्यांच्या अंगात. पायापतोर. लग्नाच्या दिवशी सकाळी मी दारात हुबी राहून बघितलाय की. लई दिमाखात दिसत व्हते."

पाहुणे काही न कळून नुसते हसले. आप्पा बाहेर ओट्यावर खाटेवर पडले होते, दाराकडं पाठ करून. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते हलले नाहीत. पायजम्याचा किस्सा आई जन्मभर शेजारच्या वस्तीला ऐकू जाईल असा सांगत आली, आणि हे मात्र ती कपबश्यांच्या आवाजात, स्वतःशी बोलावं तेवढ्या हळू बोलली होती. मला वाटलं, बाहेर जाऊन आपणच मोठ्यानं सांगावं. पण ते माझ्या तोंडून ऐकायला त्यांनी सूट शिवला नव्हता.